अडीचच्या मापाच्या हिरव्या बांगड्या

आमच्या वत्सलाचं पहिलं बाळंतपण माझ्या घरी व्हायचं ठरलं होतं आणि सासरी झालं, त्या सालची ही गोष्ट. लेक दिवसांत आलेली, आणि मी तिच्या बापाच्या उशाशी, तालुक्याच्या मिशन दवाखान्यात.

"हौसा," मालक म्हणाले, "घरी चाललीस तर येताना हिरव्या बांगड्यांची एक माळ घेऊन ये. साध्याच आण. अडीचच्या मापाच्या."

मी डबा पुसत होते, तो हातातच राहिला. अडीचचं माप माझं.

"कुणासाठी?"

"आण तर."

पेजेचे चार घोट पोटात ठरत नव्हते, पण हे सांगताना डोळ्यांत जरा लबाडी होती. मी डबा पिशवीत घातला. एस.टी.त बसल्यावर मात्र गाव येईपर्यंत मी माझ्याच मनगटांकडे बघत होते.

मालक म्हणजे माझे यजमान. कासार. खांद्यावर बांगड्यांच्या माळा टाकून बाजाराच्या गावांना फिरायचे. बाई ओट्यावर बसली की हे समोर उकिडवे बसत. तिचा हात हातात घेत आणि म्हणत, "हात सैल सोड. हात माझ्याकडे दे आणि विसरून जा." मग बोटं जुळवून, अंगठ्याच्या मुळाशी दाबत, बोलण्यात गुंतवत. सासू कशी आहे, माहेरी कधी गेली होतीस, पोराचा खोकला थांबला का. ती उत्तर देईपर्यंत बांगडी मनगटावर गेलेली असे. कितीजणी हात भरताना रडत. पण बांगडी दुखली म्हणून रडलेली मी एकही पाहिली नाही. हात भरून झाले की त्यांच्या पाया पडत आणि डोळे पुसून घरात जात.

शेजारणी मला छेडायच्या. "हौसाबाई, नवरा दिवसभर बायकांचे हात धरतो. तुला काही वाटत नाही?"

"धरू देत की," मी म्हणायचे. "संध्याकाळी भाकरी मागायला माझ्याकडंच येतो."

आणि खरंच, त्या बायकांचा मला कधी राग आला नाही. खुपायचं ते दुसरंच. माझा हात त्यांनी तसा कधी धरला नव्हता. आमच्या घरात सुनांना बांगड्या सासू भरायची; सासूच्या मागं जावा एकमेकींना भरू लागल्या. नवऱ्यानं बायकोला बांगड्या भरायच्या नाहीत, असा घरचा रिवाज. सासूबाईंचा हात म्हणजे अडकित्ता. त्यांच्यानंतर माझी थोरली जाऊ चंद्राबाई, तिचा हात त्याहून घट्ट. दर संक्रांतीला माझं मनगट सोलून निघायचं. मालक तिथंच बसून माळा ओवत असायचे. मान वर करायचे नाहीत.

म्हणून त्या माळेचं मला एवढं अप्रूप. वाटलं, आजारपणात माणूस रिवाज विसरतो. दवाखान्यात कोण बघायला येतंय?

दवाखान्यात आलो तेव्हा मालक कुणालाच काही सांगत नव्हते. डॉक्टर विचारायचे, कुठं दुखतं? हे म्हणायचे, "बरं आहे." पोट हाताखाली दगडासारखं लागायचं, तरी "बरं आहे." दोन डॉक्टर विचारून गेले. मग साळवेबाई आल्या. डॉक्टर मार्था साळवे. तिशीच्या असतील. सावळ्या, उंच, पांढरी सुती साडी, कपाळ मोकळं, मनगटं मोकळी. दिवसातून शंभरदा हात धुवायचे, म्हणून बांगडी नाही, असं नर्स सांगायची.

त्यांनी स्टूल ओढलं, बसल्या, घड्याळ बघून नाडी मोजली. मोजून झाली. तरी हात सोडला नाही. काही विचारलंही नाही. तशाच बसून राहिल्या, खिडकीबाहेरच्या गुलमोहराकडे बघत. बराच वेळ गेला आणि मालक आपण होऊन म्हणाले, "इथं दुखतं बाई. जेवल्यावर जास्त. गणपतीच्या आधीपासून."

गणपतीच्या आधीपासून! मी त्यांना रोज वाढत होते. मला म्हणायचे, "भूक नाही."

त्या दिवसापासून माझ्या पोटात जे पेटलं ते काही विझलं नाही.

साळवेबाई दुपारच्या फेरीनंतर यायच्या. बाकीच्या खाटांपाशी उभ्या राहायच्या, आमच्यापाशी बसायच्या. मला तरी तसंच दिसायचं. आल्या की हात हातात घ्यायच्या आणि ह्यांची जीभ सुटायची. कुठल्या गावच्या बायकांना कुठला रंग आवडतो, बांगडी पिचली की ती फुटली म्हणायची नाही, वाढवली म्हणायची, हे सगळं त्यांना सांगायचे. त्या हसायच्या. मी पाणी आणायच्या निमित्तानं जवळ गेले की दोघं गप्प.

"काय बोलत होता?"

"काही नाही. असंच."

शेजारच्या खाटेवर एक म्हातारबुवा होते. त्यांची बायको गोदाक्का, दात पडलेली पण जीभ शाबूत. तंबाखू मळता मळता एकदा मला म्हणाली, "तुजा दाल्ला लई बोलका हाय गं."

"हाय की. धंदाच बोलण्याचा."

"तुज्यासंगं न्हाई बोलत फारसा."

"घरात किती बोलणार?"

"आमचा म्हातारा बघ. डाक्टरला शिव्या देतो अन् मला बी देतो. दोगींना सारक्याच." ती फिदीफिदी हसली. "तुजा मातर हातात हात देऊन बसतोय. ती बी उठंना. जप बाई."

"ती नाडी बघते."

"एवढा येळ? नाडी हाय का नदी?"

मीही हसले.

दुसऱ्या दिवशी मी वऱ्हांड्यात धोतर वाळत घालत होते. खिडकी उघडी होती. साळवेबाईंचा आवाज आला. "दादा, त्यांना सांगा. त्यांना कळायला हवं."

"नाही बाई. हौसाला यातलं काही सांगायचं नाही. तुम्ही मला शब्द दिलाय."

"शब्द दिलाय. पण मला ते जड जातंय."

"जाऊ द्या जड. तुमचा हात भक्कम आहे."

पुढं दोघं हसले. धोतर पिळता पिळता माझ्या हातून मातीत पडलं. यातलं काही म्हणजे कशातलं? त्यांचं दुखणं वाढतंय, हे मला दिसत होतं. मी आंधळी नव्हते. पण संक्रांतीपर्यंत घरी जाऊ, असं ते मला रोज सांगत आणि मी ते धरून बसले होते. ज्या माणसाबरोबर मी जन्म काढला, तो माझ्यापासून लपवून एका परक्या बाईला काहीतरी सांगत होता, आणि त्या बाईला ते जड जात होतं. जड जायचा हक्क माझा होता.

त्यानंतरच त्यांनी मला ती माळ आणायला सांगितली होती. तेव्हा वाटलं, चला, आली म्हणायची माझी आठवण.

घरी जाऊन मी माळ काढली. गडद हिरव्या, बिनानक्षीच्या, मला आवडतात तशा. चंद्राबाई दारात उभी होती.

"कुणाला गं ह्या?"

"त्यांनी मागितल्यात."

"दवाखान्यात बांगड्या?" तिनं माझ्या मनगटांकडे बघितलं. "तुझ्या तर चांगल्या धडधाकट आहेत. मीच भरल्यात श्रावणात."

मी हसून निघाले. येताना अंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून आले. माळ त्यांच्या उशाखाली ठेवली. वाट बघितली. मालक म्हणाले, "बरं झालं आणलीस," आणि डोळे मिटले.

तो दिवस गेला. दुसराही गेला. मी मनाशी म्हटलं, अंगात ताकद नसेल. तिसऱ्या दुपारी त्यांनी मला बाजारातून लिंबं आणायला पाठवलं. मी निघाले. फाटकापर्यंत गेल्यावर आठवलं, पिशवी राहिली. परत आले.

साळवेबाई स्टुलावर बसल्या होत्या. मध्ये पाण्याचं तसराळं, साबणाची वडी. त्यांच्या दोन्ही हातांत माझ्या हिरव्या बांगड्या, कोपरापर्यंत. आणि आमचे मालक उशीला टेकून, त्यांचा हात आपल्या हातात घेऊन, अंगठ्याच्या मुळाशी दाबत होते. चेहऱ्यावर घाम आणि हसू. असं हसू मी कित्येक महिन्यांत बघितलं नव्हतं.

"हात सैल सोडा बाई," ते म्हणत होते. "हात माझ्याकडे द्या आणि..."

"वा!" मी म्हणाले.

मालकांनी हात सोडला. गोदाक्कानं आपल्या म्हाताऱ्याच्या अंगावरचं पांघरूण उगाचच सारखं केलं.

"अगं, लिंबं?"

"लिंबं पिळा आता जखमेवर," मी म्हणाले. "माझ्या घरातली माळ, माझ्या हातानं आणवलीत. माझं माप. माझा रंग. आणि भरल्यात कुणाला?"

"हौसा, हळू बोल."

"का हळू? हिला लाज नाही तर मला कशाला? डॉक्टरीणबाई, तुम्हाला बरं वाटतं का हो हे? ज्याला भाकरीचा तुकडा पचत नाही, त्याच्याकडून हात भरून घेता? तुमचे हात मोकळे असतात ते धुण्यासाठी, असं ऐकलं होतं आम्ही."

साळवेबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी मालकांकडे बघितलं. मालकांनी हळूच मान हलवली, नाही म्हणून. मी ते पाहिलं आणि माझा उरलासुरला तोलही गेला.

"बघा, खाणाखुणा बघा! चला, उठा. घरी चला. मरायचं असेल तर माझ्या घरात मरा."

मरणाचा शब्द तोंडातून गेला. मालक माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "थोडे दिवस थांब, हौसा. एवढं ऐक माझं."

साळवेबाई तसराळ्याकडे वळल्या. हात तसराळ्यात बुडवले, साबण फिरवला, आणि एकेक बांगडी उतरवू लागल्या. मला वाटलं, घाईघाईत काढतील, काच लागेल. सावकाश काढल्या. पुसल्या. पुन्हा दोऱ्यात ओवल्या आणि माझ्यापुढे धरल्या.

"ह्या तुमच्याच आहेत, हौसाताई."

"दुसरीच्या हातातून उतरलेल्या बांगड्या मी घालत नाही."

त्यांनी माळ खिडकीच्या गजाला अडकवली आणि गेल्या. मी लिंबं आणली नाहीत. मालकांशी बोलले नाही. त्यांनी हात पुढे केला; मी पाण्याचा पेला दिला.

घरी मात्र नेलं नाही. न्यायचं म्हटलं तरी खाटेवरून उतरायची ताकद त्यांच्यात उरली नव्हती. साळवेबाई यायच्या तशाच येत राहिल्या. मी खाटेच्या या बाजूला, त्या त्या बाजूला. हा हात मी धरायचे, तो हात त्या. मी सोडत नव्हते. बाजरी दळायला जात्यापाशी बसावं तशी बसायचे, हलायचे नाही. मालक एकदा दोघींकडे बघून म्हणाले, "जन्मभर मी बायकांचे हात धरले. आता फेड चाललीय." साळवेबाई हसल्या. मी हसले नाही. मला वाटत होतं, तिच्या हातातला हात माझ्या हातातल्यापेक्षा ऊन आहे.

वत्सला बाळंत झाल्याचा निरोप आला. मुलगी झाली. मालकांच्या कानाशी सांगितलं. ते म्हणाले, "बाळाला करदोटा घाला. बांगड्या मी..."

मार्गशीर्षातला तो गुरुवार. सकाळी मी त्यांचं तोंड पुसत होते. श्वास थांबला तो मला कळलाही नाही. मी पुसतच होते. गोदाक्का उठून आली, त्यांच्या नाकाशी बोट धरलं आणि मोठ्यानं रडायला लागली, तेव्हा कळलं.

मी ओरडले असेन. मला आठवतं ते एवढंच, की मी दोन्ही हात वर उचलले. खाटेची लोखंडी कड समोर होती. आमच्यात तसंच करतात. कुणी दगड आणायच्या आत बाई आपणच हात आपटते. मी आपटणार तोच कुणीतरी मनगटं धरली.

साळवेबाई धावत आल्या होत्या. पायांत चप्पलसुद्धा नव्हती.

"सोडा मला."

"नाही सोडणार."

"त्यांना घेतलंत, आता हेही..."

"हौसाताई, बसा खाली."

त्या माझ्यासमोर फरशीवर बसल्या. उकिडव्या. नर्सनं तसराळं आणलं. त्यांनी माझा उजवा हात घेतला, साबणाचं पाणी लावलं, आणि त्यांचा अंगठा माझ्या अंगठ्याच्या मुळाशी, हाडाच्या आतल्या बाजूला, बरोबर तिथं बसला.

"हात सैल सोडा," त्या म्हणाल्या. "हात माझ्याकडे द्या आणि विसरून जा."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

"नातीचं नाव काय ठेवणार?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"नातीचं नाव."

"ठरलं नाही. वत्सलाची सासू म्हणते..." आणि पहिली बांगडी बोटांवरून उतरून त्यांच्या तळहातावर आली होती. अख्खी. मला कळलं नव्हतं.

"मग काय म्हणते सासू?"

दुसरी आली. तिसरी आली. चंद्राबाईनं श्रावणात कातडं सोलून भरलेल्या त्या बांगड्या, एकीचाही कण उडाला नाही, एक ओरखडा आला नाही. बोलता बोलता मी रडत होते, आणि मला माहीत होतं की मी बांगडीनं रडत नाही.

डावा हात त्यांनी घेतला तेव्हा मी विचारलं, "हे कधी शिकवलं त्यांनी?"

"तुम्ही घरी जायच्या, बाजारात जायच्या, तेव्हा." त्या खाली बघून बोलत होत्या. "आधी दोऱ्याच्या कड्यावर शिकवलं. मग म्हणाले, असं जमायचं नाही, काच हवी. तुमच्याच मापाच्या मागवल्या. माझा हात तुमच्या हाताएवढाच आहे म्हणाले. स्वतः मला भरायचे आणि म्हणायचे, आता उतरवा. मी पहिल्याच खेपेला दोन पिचवल्या. फार रागावले. म्हणाले, हिच्या हाताला काच लागली तर वर गेल्यावरही तुम्हाला बोल लावीन."

"मला का नाही सांगितलं?"

"जिवंतपणी नवऱ्यानं बायकोच्या हातातली बांगडी उतरवायची नसते, त्याचं नावही काढायचं नसतं, असं म्हणाले. मी म्हटलं, दादा, तरी सांगा. म्हणाले, तिला आत्ताच कशाला? आणि म्हणाले, माझी वहिनी दगड घेऊन दारात उभी असेल. मी गावोगाव हातांत भरलेल्या बांगड्या दगडावर फुटताना ऐकल्यात. हिच्या ऐकायच्या नाहीत मला."

शेवटची बांगडी आली. त्यांनी सगळ्या मालकांच्या उपरण्यात बांधल्या आणि माझ्या ओटीत ठेवल्या. तरी माझा हात सोडला नाही. आम्ही तशाच बसून राहिलो, मालक वर खाटेवर, आम्ही दोघी खाली. खिडकीच्या गजाला ती हिरवी माळ अजून लटकत होती.

गोदाक्का नाक पुसत म्हणाली, "माज्या म्हाताऱ्याच्या येळेला बी हिलाच बोलवा."

"मी अजून हाय!" पलीकडून म्हातारा ओरडला.

घरी गाडी थांबली तेव्हा चंद्राबाई खरंच दारात उभी होती. पायाशी पाटा. सगळ्या बायका जमलेल्या. तिनं हंबरडा फोडला, माझे हात ओढले, पाट्याकडे नेले आणि थांबली. दोन्ही मनगटं उलटसुलट करून बघितली.

"अगं, बांगड्या?"

"त्यांनी उतरवल्या," मी म्हणाले.

कुणी म्हणालं असं चालत नाही, कुणी म्हणालं दुःखानं डोकं फिरलंय. पण फोडायला काही उरलं नव्हतं. पाटा तसाच आत गेला.

पुढं त्या दवाखान्यात कुणाचा नवरा गेला की बायका म्हणत, साळवेबाईंना बोलवा. लांबच्या गावांत नाव झालं. "बाई हात धरतात आणि बांगडी कधी गेली कळत नाही," असं एकदा एस.टी.त माझ्या शेजारचीच कुणी सांगत होती. माझ्या पोटात तेव्हाही जुनी आग भडकली. ती हातोटी माझ्या घरातली होती, माझ्या मापावर शिकलेली होती, आणि साळवेबाई ती कुणाकुणाला वाटत सुटल्या होत्या. मी तसं त्यांना तोंडावर सांगितलंही. त्या म्हणाल्या, "मग या की तुम्हीही. एक हात तुम्ही, एक हात मी." मी गेले. पुष्कळ वेळा गेले.

आता त्यांच्या बाजूचं स्टूल रिकामं आहे. नातीनं माझ्याकडून पाटीवर अक्षरं गिरवून घेतली तेव्हा मी साठी ओलांडली होती. मालकांचं नाव मी जन्मात तोंडानं घेतलं नाही, पण लिहायला कुणाची बंदी नाही.

धोंडीराम बाबाजी कासार, माझे यजमान, वत्सलाची थोरली जन्मली त्या सालच्या मार्गशीर्षात, तिसऱ्या गुरुवारी सकाळी वारले. डॉक्टर मार्था साळवे गेल्या वर्षी नाताळच्या आदल्या दिवशी वारल्या.